सहाशे अठरा भागिले सहा

चांदीपच्या जिल्हा परिषद शाळेत हेमाली राऊत रुजू झाली, त्या पहिल्याच महिन्यात चौथीच्या वह्या तिच्या हातात पडल्या. वर्ग तिचा नव्हता. चौथीच्या शेलारबाई तापाने घरी होत्या, म्हणून मुख्याध्यापक आत्माराम सरांनी दोन दिवस तो वर्गही तिच्याकडे दिला होता. वह्या तपासलेल्या होत्या. चारशे चोवीस भागिले चार, उत्तर सोळा, आणि त्यावर लाल पेनाची ठळक बरोबरची खूण. वीसेक वह्यांत तेच. एका मुलीने एकशे सहा लिहिलं होतं. तिच्या उत्तरावर मात्र फुली होती.

हेमाली सरांना काही बोलली नाही. शेलारबाई परतल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने दोन वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या. चंद्रकांता शेलार तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, मूळच्या कराडकडच्या. लग्नानंतर बदली घेऊन इकडे आलेल्या, राहायला विरारला मनवेलपाड्यात. त्यांनी वह्या पाहिल्या, उठून वर्गाचं दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

"मधे शून्य आलं की माझा घोळ होतो," त्या म्हणाल्या. "साधा भागाकार जमतो. हा नाही जमत. चौथीत असताना मी चार महिने शाळेत नव्हते. वडील वारले होते. पुढे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

"मग डी.एड.ला, ताई?"

"डी.एड.ला भागाकार कसा शिकवायचा ते विचारतात. करून दाखवा म्हणून कोण सांगतंय."

हेमालीला गणित आवडायचं. तिनेच तोडगा काढला. ती चौथीचं गणित घेईल, शेलारताईंनी तिच्या तिसरीचं मराठी घ्यावं. आत्माराम सर म्हणाले, आपापसात काय ते जमवा, वेळापत्रकात मला खाडाखोड नको. तेव्हा कागदावर काही बदललं नाही. रोज मधल्या सुट्टीनंतर दोघी वर्ग बदलायच्या. असं नऊ वर्षं चाललं.

हा सौदा हेमालीच्या तोट्याचा नव्हता. चंद्रकांताताई मराठी शिकवायच्या ते व्हरांड्यातून ऐकू यायचं. धड्यातला कोल्हा त्या स्वतः व्हायच्या, पोरांना नदी व्हायला लावायच्या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला जवळ घेऊन त्याच्याच घरातल्या माणसांची नावं फळ्यावर लिहायच्या. वर्ष संपेपर्यंत तिसरीतली सगळी मुलं वाचायला लागायची. एका वर्षी वाचनात ती तिसरी आसपासच्या शाळांच्या केंद्रात पहिली आली. प्रशस्तिपत्रक वर्गशिक्षिका म्हणून हेमालीच्या नावाने आलं आणि ते हातात धरून उभ्या असलेल्या हेमालीचा फोटो चंद्रकांताताईंनीच काढला. हेमालीची अश्लेषा सातव्या महिन्यात जन्मली, फार नाजूक होती. रजा संपली तरी तिला सोडून वेळेवर निघणं व्हायचं नाही. तो अख्खा पावसाळा हेमाली अकराच्या पुढे शाळेत पोचायची आणि तोवर दोन्ही वर्ग चंद्रकांताताईंनी एकटीने सांभाळले. त्याचा उल्लेखही त्यांनी कधी केला नाही.

मागच्या वर्षीच्या चाचणीत तालुक्यातल्या मुलांना भागाकारात सगळ्यात कमी गुण पडले. वरून आदेश आला की तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांना फक्त भागाकार कसा शिकवावा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं. सुलभक म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवायला, हेमालीची निवड झाली. ती पालघरला जाऊन पाच दिवस तयार होऊन आली. तालुक्याला गणिताच्या साधनव्यक्तीची, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्याची, एक जागा रिकामी होती, हे तिला तिथेच कळलं. वर्ग नाही, चांदीपची रोजची दोन वाहनं नाहीत, बोळिंजच्या घरापासून कार्यालय जवळ. प्रशिक्षण कसं होतंय ते बघून तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब नाव पुढे पाठवणार होते.

विरारच्या एका शाळेच्या सभागृहात साठ शिक्षक जमले. पहिला दिवस पडला. हेमालीने समान वाटणीची चित्रं दाखवली, वजाबाकी करत करत भागाकार कसा होतो ते दाखवलं. मागचे लोक फोन बघत होते. एकजण मोठ्याने म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला येतं हो. पोरांना येत नाही." हशा झाला. चंद्रकांताताई तिसऱ्या रांगेत बसून सगळं उतरवून घेत होत्या. चहाच्या वेळी त्या हेमालीपाशी आल्या, म्हणाल्या, "छान सांगतेस गं. घाबरू नकोस." हेमालीला ते शब्द नकोसे झाले.

संध्याकाळी सामान आवरताना तिच्या जोडीचा सुलभक संग्राम खुर्चीवर उलटा बसून म्हणाला, "उद्या साहेब येणार. आजच्यासारखं झालं तर आपली वाट लागली."

"मग काय करू?"

"कुणीतरी चुकलं पाहिजे. शिक्षक चुकला की सगळे जागे होतात. मग आपण ती चूक सोडवायची. पण मुद्दाम चूक करायला सांगितली की कळतं ते, नाटक वाटतं."

हेमाली काड्यांचे गठ्ठे मोजून पेटीत भरत होती. शंभराचे वेगळे, दहाचे वेगळे, सुट्ट्या वेगळ्या.

"खरंच चुकेल असं आहे एक माणूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला साहेब आले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. हेमालीने फळ्यावर लिहिलं, सहाशे अठरा भागिले सहा. संख्या तिने आदल्या रात्रीच ठरवली होती. मग ती सभागृहाकडे वळली आणि कुणाला तरी शोधत असल्यासारखं करून म्हणाली, "शेलार मॅडम, या ना. नेहमी जसं वर्गात करता तसं करून दाखवा."

चंद्रकांताताई लगेच उठल्या नाहीत. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग हेमालीकडे. काहीतरी गफलत झाली असेल, ती आता दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल, असं त्या नजरेत होतं. हेमाली हसून हात पुढे करून उभी राहिली. त्या आल्या. खडू घेतला.

"सहा एके सहा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. खाली सहा लिहिला, वजाबाकी केली, शून्य आलं. मग एक आणि आठ दोन्ही एकदम खाली घेतले. "सहा त्रिक अठरा." वर एकाच्या शेजारी तीन लिहिला आणि खडू ठेवून दिला.

तेरा.

मग कुणीतरी मागे खुसखुसलं.

"बरोबर?" हेमालीने विचारलं. ती सगळ्यांना विचारत होती.

"नाही," असा मोठा आवाज आला. सगळे फोन खाली गेले होते. संग्रामचा तेवढा वर होता, तो चित्रीकरण करत होता.

"सहाशे अठरा पेरू आहेत, सहा मुलं आहेत," हेमाली म्हणाली. "प्रत्येकाला तेरा दिले. उरलेले कुठे गेले, मॅडम?"

आता लोक उघड हसले. चंद्रकांताताईंनी पदर खांद्यावर घेतला. "चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

"चुकू द्या. चुकीतूनच शिकतो आपण," हेमाली म्हणाली. हे वाक्य तिच्या पुस्तिकेत होतं. तिने सहा शिक्षकांना पुढे बोलावून रांगेत उभं केलं आणि पेटी चंद्रकांताताईंच्या हातात दिली. "सहा शेकडे, एक दशक, आठ सुट्ट्या. वाटा."

त्यांनी शंभराचा एकेक गठ्ठा एकेकाच्या हातात दिला. सहा गठ्ठे संपले. हातात दहाचा एकच गठ्ठा राहिला. तो घेऊन त्या पहिल्या शिक्षकापाशी गेल्या, थांबल्या, सहाही जणांकडे पाहिलं. कुणी म्हणालं, "द्या की कुणालातरी," आणि पुन्हा हशा पिकला. त्या हसण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गठ्ठा त्यांनी वर-खाली करून बघितला आणि त्याचं रबर काढलं. दहा काड्या सुट्ट्या झाल्या. त्या आठांत मिसळल्या. त्यांचा चेहरा बदलला. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला कुठलाही चेहरा तसा नव्हता. हेमालीने तिसरीचौथीच्या मुलांच्या तोंडावर तो हजारदा पाहिला होता.

"अगं," त्या हळूच, फक्त हेमालीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे गठ्ठा कुणालाच नाही गेला. म्हणून मधे..."

त्यांना ते पुरं करू देणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण साहेब खुर्चीवर पुढे सरकून बसले होते, आणि ते शून्य कुठून येतं हे या क्षणी सांगायचं असं पाच दिवस हेमालीला शिकवलेलं होतं.

"थँक यू, मॅडम, बसा तुम्ही," ती म्हणाली आणि काड्या त्यांच्या हातातून घेतल्या.

पुढची वीस मिनिटं तिने सुरेख शिकवलं. दशक कुणालाच मिळालं नाही, ते 'नाही' आपल्याला लिहावं लागतं, त्याची जागा मोकळी सोडली तर शंभराचा माणूस दहावर येऊन बसतो, असं ती म्हणाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. मग त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहून विचारलं, "मॅडम, तुम्ही कितवीला?"

"चौथीला," चंद्रकांताताई उभ्या राहून म्हणाल्या.

"किती वर्षं सेवा?"

"सव्वीस."

साहेबांनी सोबतच्या माणसाला शाळेचं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

संग्रामने चित्रीकरण शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'चुकीतून शिकूया'. तिथून ते कुठे कुठे गेलं कुणास ठाऊक. हेमालीला त्याच संध्याकाळी ते तीन ठिकाणांहून आलं. तिने संग्रामला फोन करून काढून टाकायला सांगायचं ठरवलं. नंतर ते पूर्ण पाहिलं. शेवटची आपली वीस मिनिटंही त्यात होती आणि ती खरंच चांगली झाली होती. तिने फोन केला नाही.

चौथ्या दिवशी काळूराम शाळेत आला. तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, भातशेती करणारा, त्याची पिंकी चौथीत होती. फोन पुढे धरून तो थेट वर्गाच्या दारात उभा राहिला.

"बाई, ह्या तुम्हीच ना?"

चंद्रकांताताईंनी मान हलवली.

"मी नववी नापास मानूस. मला बी येतं हे." तो ओरडत नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागत होतं. "पोरगी सांगते, बाई लय चांगल्या. चांगल्या मानसाचं काय करू मी? हिला काय शिकवलं कोन जाने."

पिंकी पहिल्या रांगेत बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, बाईंकडेही पाहिलं नाही, पाटीवरची अक्षरं बोटाने पुसत राहिली.

त्याने समितीतर्फे अर्ज दिला आणि पुढच्या सोमवारी साहेब शाळेत आले. त्यांनी चौथीच्या मुलांना दहा भागाकार घातले. पैकी सहांत मधे शून्य येत होतं. तेवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी सगळे बरोबर सोडवले. साहेब वह्या बघत राहिले.

"तुम्हाला भागाकार कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं.

"हेमाली बाई," मुलं म्हणाली.

आत्माराम सरांच्या खोलीत हेमालीला बोलावलं. दार उघडंच होतं. चंद्रकांताताई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या, पुढचा नंबर त्यांचा होता. सर टेबलामागे बसले होते, त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

"किती वर्षं चाललंय हे?" साहेबांनी विचारलं.

"नऊ वर्षं, सर. चौथीचं गणित मी घेते."

"स्वतःचा वर्ग सांभाळून?"

"हो, सर."

"आणि तेवढा वेळ शेलार मॅडम काय करायच्या?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. त्यांनी नऊ वर्षं माझ्या वर्गाला वाचायला शिकवलं, एवढं म्हणायचं होतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं की ते वेळापत्रकात का नाही, वाचनाचं प्रशस्तिपत्रक कुणाचं, आणि रिकामी जागा अजून रिकामी होती. हेमालीने सरांकडे पाहिलं. सर पेपरवेट फिरवत होते.

"माझ्या वर्गावर बसायच्या," ती म्हणाली.

सरांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं, मग पुन्हा पेपरवेट फिरवू लागले.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही दोघींचं काम ओढलंत," साहेब म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं तुम्ही. पण मोठेपणा आहे तुमचा."

हेमाली बाहेर आली. चंद्रकांताताई दारापासून दोन हातांवर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाजूला झाल्या, तिला वाट दिली आणि आत गेल्या. आत त्यांनी काय सांगितलं ते हेमालीला नंतर सरांकडून कळलं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. त्या म्हणाल्या, मला शून्याचा भागाकार येत नाही हे खरं आहे. बाकी काही म्हणाल्या नाहीत.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. चंद्रकांताताईंना तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, डोंगराकडच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर पाठवलं. वर कारणे दाखवा नोटीस. नोटिशीला त्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलं.

शेवटच्या दिवशी त्या कपाट रिकामं करत होत्या. हेमाली दारात येऊन उभी राहिली. पंधरा दिवस दोघींत कामापलीकडे शब्द नव्हता. काय बोलायचं याची तिने घरी बरीच तयारी केली होती.

"ताई, मी काय म्हणते," ती म्हणाली, "मी शिकवते तुम्हाला. रविवारी घरी या. दोन दिवसांचं काम आहे."

चंद्रकांताताई हजेरीपत्रकं एकावर एक रचत होत्या. "दोन दिवसांचं?" त्यांनी विचारलं.

"फार तर तीन. काही अवघड नाही हो त्यात."

"मग नऊ वर्षांत कधी म्हणाली नाहीस ती."

हेमाली दाराची कडी चाळवत राहिली.

"मी वाट बघायचे," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जुनी गोष्ट सांगावी तसं त्या सांगत होत्या. "पहिल्या वर्षी तर रोज. वाटायचं, आज वर्ग बदलायच्या आधी म्हणेल, ताई बसा दहा मिनिटं, दाखवते. मला विचारायची लाज वाटत होती, तुला तर कसली लाज नव्हती. मग वाटलं, तुला वेळ नसेल. घरी पोर लहान. मग वाटायचं बंद झालं." त्यांनी हजेरीपत्रकांना दोरी बांधली. "त्या दिवशी सभागृहात गठ्ठा सोडला ना, तेव्हा कळत होतं मला. अगदी कळत आलं होतं. तू खाली बसवलंस."

"साहेब होते, ताई..."

"हो. होते."

हेमालीला खरं कारण तेव्हा, त्या दारात उभं असताना उमगलं. वेळ नव्हता असं नव्हतं. शेलारताईंना भागाकार येत नाही, हे तिला नऊ वर्षं आवडत आलं होतं. आपल्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, आपल्यापेक्षा चांगली शिक्षिका, जिच्यामागे पोरं व्हरांडाभर धावायची, ती रोज दुपारी आपल्यासमोर एका शून्यापायी लहान व्हायची. ते तिला सोडवत नव्हतं. ती हे बोलली नाही. बोलून कुणाचंच काही भलं होण्यासारखं नव्हतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"रविवारी याल ना?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही येत, मॅडम," चंद्रकांताताई म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांनी तिला प्रथमच मॅडम म्हटलं. हजेरीपत्रकं सरांच्या टेबलावर ठेवून त्या चारच्या गाडीने गेल्या. निरोप समारंभ झाला नाही.

त्यानंतरचे तीन महिने तिसरीचं मराठी हेमालीनेच घेतलं. ती धडा वाचून दाखवायची, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. पहिल्या आठवड्यात मुलं म्हणाली, बाई असं नाही, उभं राहून करायचं असतं. तिने एकदा करून पाहिलं. पोरं तिच्याकडे बघत राहिली, कुणी हसलंही नाही. मग तिनेही नाद सोडला आणि पोरांनीही.

एप्रिलमध्ये ती निकालपत्रकं भरायला बसली तेव्हा वर्गात आठ मुलं अशी होती की ज्यांना दोन ओळी सलग वाचता येत नव्हत्या. याआधी असं कधी झालं नव्हतं. सरांचा निरोप समारंभ तोंडावर आला होता आणि तालुक्याच्या जागेवर तिचं नाव नक्की झाल्याचा फोन त्याच सकाळी आला होता. तिने आठही जणांच्या वर्णनात्मक नोंदीत 'धडा प्रकट वाचन करतो', मुलींच्या 'करते', असं लिहिलं, सही केली आणि गठ्ठा सरांकडे पाठवून दिला. सरांनी न उघडता त्यावर शिक्का मारला.

जूनमध्ये ती साधनव्यक्ती म्हणून रुजू झाली. पुढचं प्रशिक्षण अपूर्णांकांचं होतं. त्याच सभागृहात चंद्रकांताताई नव्या शाळेतर्फे आल्या, तिसऱ्या रांगेतच बसल्या. पाच-पाच जणांचे गट करा म्हणून संग्रामने सांगितलं तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने त्यांच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या दिसल्या. त्यांनी वही उघडून तारीख घातली आणि एकटीनेच कागदाच्या घड्या घालायला घेतल्या. हेमालीने माइकवरून गट मोजले, त्यांना सोडून बारा भरले, आणि कामाला सुरुवात करा म्हणून सांगितलं.